मदत हवी आहे: बीटा ब्लॉकर चालू असताना सायकलने ऑफिस, गिअर आणि मीठ

मंडळी, कोथरूड ते हिंजवडी सायकलने जायचं आहे. वय 52, मेटोप्रोलॉल (हाच बीटा ब्लॉकर) आणि टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या चालू, डॉक्टरांची परवानगी आहे. मेटोप्रोलॉल नाडी दाबून ठेवतं, म्हणून '220 वजा वय' हा कमाल नाडीचा हिशेब इथे निरुपयोगी. सध्या बोलता येतंय का, एवढंच माप. श्रम मोजायची याहून नेमकी पद्धत कोणी वापरतं का?

खरी अडचण चांदणी चौकाचा चढ. पुढे 42 दाती चक्र, मागे 14-28 दातांचा सात गिअरचा फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच). सर्वांत हलक्या गिअरमध्येही पेडलचे फेरे मिनिटाला 50 च्या खाली जातात. मग जोर लावताना श्वास रोखला जातो आणि रक्तदाब चढतो, तेच टाळायचंय. 14-34 बसवला तर जुना मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) 34 दात झेलेल का? चेनच्या किती कड्या वाढवाव्या लागतील? चेन आखूड राहिली तर मोठ्या चक्रावर ताणून डिरेलरच मोडायचा, ही भीती आहे.

डब्यात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडी. लोणचं-पापड बंद, दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत. पण एप्रिल-मेच्या घामात काय प्यावं? खारं ताक मिठामुळे नको, आणि टेल्मिसार्टनमुळे पोटॅशियम वाढू शकतं म्हणून रोजच्या शहाळ्याचीही धास्ती वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.