प्रति: मँडेलबल्बच्या कडांवरचे दाणे

तुमच्या मँडेलबल्बच्या (सूत्रातून संगणकावर काढलेल्या त्रिमितीय फ्रॅक्टल आकृतीच्या) कडांवर वाळू सांडल्यासारखे दाणे दिसतात, त्यावर या चर्चेत वर कुणीतरी पुनरावृत्त्या, म्हणजे तेच सूत्र पुन्हा पुन्हा चालवायची संख्या, वाढवायला सांगितलंय. मला ते पटत नाही. त्याने पृष्ठभाग आणखी बारीक होतो, पिक्सेलमध्ये न मावणारा तपशील येतो आणि दाणे उलट वाढतात.

आधी किरणाचं पाऊल तपासा, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेला किरण आकृतीकडे एका वेळी किती सरकतो ते. ०.५ × लॉग आर × आर ÷ डीआर हे सूत्र (आर म्हणजे पुनरावृत्त्यांनंतर बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर, डीआर म्हणजे त्याच्या बदलाचा दर) पृष्ठभागापर्यंतच्या अंतराचा फक्त अंदाज देतं. तो कधी जास्त निघाला की किरण थेट आत घुसतो. मी प्रत्येक पाऊल ०.७ ने गुणतो. वेळ लागतो, पण कडा स्वच्छ येते. आणि ‘पृष्ठभागाला टेकलो’ म्हणायची मर्यादा कायम एकच ठेवू नका, कॅमेऱ्यापासून जितकं लांब तितकी ती सैल हवी.

मँडेलबल्ब पुढे आणणाऱ्या डॅनियल व्हाइट आणि पॉल नायलँडर यांनी २००९ मध्ये गाजवलेला सूत्रातला आठवा घातच मीही वापरतो. रंग मात्र आमच्या फोंड्यातल्या घराच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवरून, घेतले. पावसाळ्यात चिरा भिजून गडद तांबडा होतो, भोकांच्या तोंडाशी शेवाळ धरतं, आत काळोख. तो काळोख फुकट मिळतो: किरणाला जितकी जास्त पावलं लागली तितका पिक्सेल काळा करायचा. खाचा आपोआप खोल दिसतात. वेगळी सावली मोजायच्या आधी हे करून पाहाच, आणि जमलं तर चित्र इथे टाका.