पेंटबॉल: ०.६८ सोडून ०.५० वर यावं का?

चिखल्या
आमच्या न्यू जर्सीच्या गँगमध्ये वाद पेटलाय. मैदानवाल्याने भाड्याच्या सगळ्या गन ०.६८ च्या जागी ०.५० इंच व्यासाच्या रंगभरल्या गोळीच्या केल्या. ज्यांच्या स्वतःच्या गन आहेत त्यांनीही बदलाव्यात, असं पोरांच्या आया म्हणतात. मी म्हणतो, नको. ०.६८ ची गोळी साधारण ३ ग्रॅमची, ०.५० ची सव्वा ग्रॅमच्या आसपास. वेगमर्यादा दोन्हींना तीच, सेकंदाला ३०० फूट. म्हणजे दणका निम्म्याहून कमी. जाड जॅकेटवर न फुटता टुणकन उडते, रंग लागत नाही आणि समोरचा 'लागलीच नाही' म्हणून खेळत राहतो. शिवाय हलकी गोळी लवकर ढेपाळते. वारा असेल तर विचारूच नका.

मंजिरी_म
त्या आयांपैकी एक मी. अहो, दणका कमी हाच तर मुद्दा आहे! माझा मुलगा मांडीवर काळेनिळे डाग घेऊन आला, त्यानंतर मैदानाचं नाव काढेना. आता लहान गोळीवर तोच बंकरमागून, म्हणजे आडोशामागून, स्वतःहून पुढे पळतो. आणि गनवरच्या ज्या हॉपरमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या डब्यात, २०० मावायच्या, त्यात आता पाचशेच्या घरात मावतात.

नेमबाज_नाना
मंजिरीताई, मावतात खऱ्या, पण खाली उतरायला हव्यात ना! मोटरच्या हॉपरमधल्या पात्यांच्या खाचा मोठ्या गोळीच्या मापाच्या. एका खाचेत दोन घुसल्या की एक फुटणार आणि आत रंगाचा रबडा.

'नुसती बॅरल बदलली की झालं' म्हणणाऱ्यांनी एकदा ब्रीच, म्हणजे बॅरलमागची गोळीची जागा, उघडून बघावं. गोळी बोल्टसमोर (तिला पुढे ढकलणाऱ्या दट्ट्यासमोर) पडते तिथे बाजूला डिटेंट असतो, इवलंसं रबरी बोंड. ०.६८ ची गोळी त्याला टेकून थांबते. ०.५० ची त्याच्या कडेने घरंगळते, तिच्यामागे दुसरी येते, आणि ट्रिगर ओढला की दोन्हींचा भुगा. म्हणजे बॅरल, बोल्ट, डिटेंट, हॉपर सगळंच बदला, तेही तुमच्या मॉडेलचं किट मिळालं तर. मुळात लहान मापाची घडवलेली गन हवा कमी खाते, मान्य. पण बदललेल्या गनचा रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारा भाग) पुन्हा जुळवून क्रोनोवर, म्हणजे वेगमापकावर, वेग तपासल्याशिवाय मैदानात उतरू नका.

सर्किट
नानांना +१. २०१० च्या सुमारास पेंटबॉलच्या धंद्यातल्या रिचमंड इटालिया यांनी ०.५० चा केवढा गाजावाजा केला होता! मोठ्या स्पर्धा अजूनही ०.६८ वरच चालतात.

मंजिरी_म
०.६८ काय ब्रह्मदेवाने ठरवून दिलंय? १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या जंगलात पहिला डाव झाला तो नेलस्पॉट पिस्तुलांनी. ती होती झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची. तेच माप चिकटलं.

ठीक, तुमच्या गन तुमच्याकडेच ठेवा. पण समोर भाड्याची ०.५० घेतलेली पोरं असताना तुम्ही ३ ग्रॅमची गोळी झाडणार? डाव वेगळे लावा.

चिखल्या
वेगळे लावले तर दोन्हीकडे माणसं कमी पडतात. रविवारी जेमतेम दोन टीम होतात आमच्या.

नेमबाज_नाना
मोठ्यांनी भाड्याच्या गन घ्याव्यात की त्या दिवशी! मला वेगळीच काळजी आहे. कडेच्या जाळीची छिद्रं केवढी आहेत, विचारलं का मैदानवाल्याला? १७ मिलिमीटरची गोळी अडवणारी जाळी १२.७ चीही अडवेलच असं नाही, आणि पलीकडे कॉफी घेऊन उभे असलेल्यांनी मास्क काढलेले असतात.