रक्तस्रावानंतर वडिलांचे अकारण रडणे : मेंदूतील रसायने बदलतात का?

शिवाजी पेठकर
आमच्या आण्णांना चार महिन्यांपूर्वी रक्तदाब वाढून मेंदूच्या डाव्या बाजूस, खोलवर, रक्तस्राव झाला. आता ते काठी टेकत गल्लीच्या तोंडापर्यंत जातात. मात्र खासबागेतल्या कुस्तीवर तासभर बोलणारा हा माणूस तोच विषय निघाला की हुंदके देऊ लागतो आणि विचारले तर "दुःख काही नाही रे, आपोआप येतंय" म्हणतो. एरवी दिवसभर गप्प असतात. नातेवाईक म्हणतात, मेंदूतले 'केमिकल' कमी झाले आहे, रक्त तपासून ते भरून काढा. यात कितपत तथ्य आहे?

निवृत्त प्राध्यापिका, जीवरसायनशास्त्र
तथ्य आहे, पण 'भरून काढा' हे तितके सरळ नाही. रक्त सांडले की पहिल्या काही दिवसांत ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन प्रमाणाबाहेर साचून भोवतालच्या पेशींना इजा करते. पुढे गोठलेल्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिनमधून लोह सुटते आणि त्यामुळे सूज व दाह वाढतो. हा राडारोडा साफ करण्याचे काम मेंदूतील भक्षक पेशी कित्येक आठवडे करत राहतात. लोहाचा डाग तर एमआरआयमध्ये वर्षांनंतरही दिसतो. सेरोटोनिन, डोपामाइन आणि नॉरॲड्रेनलिन तयार करणाऱ्या पेशी मुख्यतः मेंदूच्या खोडात असून त्यांचे लांब तंतू वर सर्वत्र पसरतात. वाटेत रक्तस्राव झाला तर विहिरीत पाणी असूनही पाट फुटल्यामुळे शेवटच्या वाफ्यापर्यंत ते पोहोचू नये, तसे होते. आण्णांचे रडणे हे बहुधा भावनांवरील लगाम सैल झाल्याचे लक्षण असावे, कारण त्यांना आतून दुःख जाणवत नाही. त्यांच्या गप्प राहण्याचा विचार मात्र वेगळा करावा लागेल, कारण अशा आजारानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना खरोखरचे नैराश्य येते.

रक्तातील सेरोटोनिन मोजून काहीच कळणार नाही. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते आणि रक्तातले मेंदूत शिरत नाही.

कागलची लेक
माझ्या आईचेही असेच होत असे. तिला समजावत बसलो की रडणे वाढायचे; विषय बदलून हातात निवडायला शेंगा दिल्या की ते थांबायचे. पाहुण्यांना आम्ही दारातच सांगून ठेवत होतो, नाहीतर तेही डोळे पुसू लागत. (आपल्याकडे आजाऱ्यासमोर रडणे ही जणू रीतच आहे.) डॉक्टरांनी अल्प मात्रेत गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत फरक पडला.

औषध दुकानदार, राजारामपुरी
ताईंचा अनुभव पटतो, तरीही ती गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये. २०११ मध्ये फ्रान्समधील एका अभ्यासात फ्लुओक्सेटिन या अशाच, नैराश्यावरील गोळीने हातापायांची ताकद लवकर परतते असे दिसले होते; तो अभ्यास मेंदूची रक्तवाहिनी तुंबलेल्या रुग्णांवर होता. २०१९ मध्ये ब्रिटनमधील ३,१२७ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, ज्यात रक्तस्रावाचे रुग्णही होते, तसा फायदा दिसला नाही. नैराश्य कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. शिवाय या गटातील औषधांनी रक्तस्रावाचा धोका किंचित वाढतो आणि वयस्कांचे सोडियम उतरू शकते. रक्तदाबाच्या भीतीने मीठ पूर्ण बंद केलेली आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असलेली माणसेही सोडियम उतरल्याने मरगळतात. तेव्हा रक्त तपासायचेच असेल, तर सोडियम, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासावे.

शिवाजी पेठकर
सर्वांचा आभारी आहे. गेले तीन महिने आम्ही आण्णांना पूर्ण अळणी जेवण देत आहोत आणि ती लघवीची गोळीही त्यांना चालू आहे. उद्या सकाळीच सोडियमची तपासणी करून अहवाल त्यांच्या डॉक्टरांना दाखवतो.