किवालिना हरलं, मग मकाह जमातीने पुन्हा दावा का लावला?

कायद्याची विद्यार्थिनी:
टॉर्टच्या (नुकसानभरपाईच्या दिवाणी कायद्याच्या) टिपणासाठी किवालिनाचा खटला वाचतेय आणि दोन दिवस तो डोक्यातून जात नाहीये. अलास्काच्या किनाऱ्यावरचं इनुपियाट या मूळनिवासी लोकांचं गाव, वस्ती चारशेच्या आसपास. पूर्वी शरदातली वादळं यायच्या आत किनाऱ्याला बर्फ धरायचा, लाटा त्यावर फुटायच्या. आता बर्फ उशिरा धरतो आणि समुद्र थेट जमीन खातो. गाव हलवायला ९.५ ते ४० कोटी डॉलर लागतील असा अंदाज होता. २००८ मध्ये त्यांनी एक्झॉनमोबिल आणि इतर कंपन्यांवर दावा लावला, २०१२ मध्ये अपिलातही हरले. तरी डिसेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मकाह आणि शोलवॉटर बे जमातींनी तेच का केलं? हवेतला कार्बन कोणाचा, हे कोण सिद्ध करणार?

जुना वकील:
तेच केलेलं नाही, इथेच गंमत आहे. किवालिनाचा दावा संघीय कॉमन लॉवर, म्हणजे संघीय कोर्टांच्या निकालांतून घडलेल्या कायद्यावर, उभा होता: तुमच्या उत्सर्जनाने आम्हाला उपद्रव झाला. अपील कोर्ट म्हणालं, उत्सर्जनाचं क्षेत्र क्लीन एअर ॲक्टने, म्हणजे हवा-प्रदूषणाच्या संघीय कायद्याने, व्यापलंय, कॉमन लॉला तिथे जागा नाही. अपील त्याच मुद्द्यावर संपलं.
नवे दावे किंग काउंटीच्या कोर्टात, राज्याच्या कायद्याखाली आहेत. प्रतिवादी सहा कंपन्या. एक्झॉनमोबिल, शेल, शेव्हरॉन त्यात आहेत. मुख्य आरोप धुराचा नाही, लपवाछपवीचा आहे: धोका माहीत असून सांगितला नाही. एक्झॉनच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून वरिष्ठांना सावध केलं होतं, म्हणजे पुरावा कंपनीच्याच कागदांत सापडतो. होनोलुलूच्या अशाच खटल्यात कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने हात घालायला नकार दिला. हा विजय नव्हे. खटला राज्याच्या कोर्टात चालू राहिला, एवढंच.

हिमनदीवेडा:
कार्बनच्या प्रश्नावर पेरूचा खटला बघ. वारास शहराच्या वरच्या पाल्काकोचा तलावाचा बांध १९४१ मध्ये फुटला, हजारो माणसं गेली. तिथल्या एका क्वेचुआ शेतकऱ्याने २०१५ मध्ये जर्मनीच्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला. जगाच्या औद्योगिक उत्सर्जनात तिचा वाटा ०.४७ टक्के, म्हणून पूरसंरक्षणाच्या खर्चातला तेवढाच वाटा मागितला. मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या हॅमच्या कोर्टाने दावा फेटाळला, कारण त्याच्या घराला असलेला धोका पुरेसा मोठा ठरला नाही. पण परदेशातल्या नुकसानीसाठीही मोठा उत्सर्जक तत्त्वतः जबाबदार ठरू शकतो, हे त्याच निकालात आहे. मी ते वाक्य तीनदा वाचलं.

कायद्याची विद्यार्थिनी:
किवालिनाला मी ‘दावा फेटाळला’ एवढ्या एका ओळीत उरकणार होते. आज रात्री टिपण पुन्हा लिहिते. वकीलकाका, शोलवॉटर बेच्या लोकांना घरं उंचावर न्यायची आहेत. नुकसानभरपाईत पुढच्या वर्षांचा असा खर्च कसा मोजतात? त्यावर एखादा निकाल सांगाल का?