मदत हवी आहे : लहान मुलांसह राजमाचीचा मुक्काम

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची आणि मुलगा दहा वर्षांचा असून, गेल्या पावसाळ्यात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढताना मुलगी मृगाच्या मखमली लाल किड्यापाशी अर्धा तास उकिडवी बसून राहिली, तेव्हापासून दोघांनाही डोंगराची ओढ लागली आहे. (गडावरच्या पिठलं-भाकरीचाही त्यात वाटा आहे, हे कबूल करायला हवे.) मात्र उतरताना मुलगा ओल्या कातळावर घसरला आणि आता उताराची वाट दिसली की तो माझा हात सोडत नाही.

यंदा पावसाच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी राजमाची किल्ल्यावर जाऊन तिथल्या उधेवाडी गावात एक रात्र राहण्याचा विचार आहे. लोणावळ्याकडून येणारी सुमारे १५ किलोमीटरची, लांब पण फारशी चढ नसलेली वाट या वयाच्या मुलांना झेपेल का, की कर्जतजवळच्या कोंढिवड्याकडून येणारी जवळची पण खड्या चढणीची वाट बरी? श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांपैकी मुलांसह कोणता सोपा जाईल? मुख्य म्हणजे, मुलाच्या मनातली उताराची भीती त्याच्यावर जबरदस्ती न करता कशी घालवावी, हे मुलांना घेऊन नियमित भटकणाऱ्या पालकांनी कृपया स्वानुभवातून सांगावे.