देवीची खूण असलेली नायिका : प्रेम पटतं, खूण का पटत नाही?

गोदाकाठची
कळवणकडच्या एका गडाच्या पायथ्याशी घडणारी रोमँटिक फँटसी लिहिते आहे. बेत ९०,००० शब्दांचा, त्यातले ३०,००० झालेत, तो मसुदा इथे वाचायला दिलाय. नायिका बावीस वर्षांची. नवरात्रात अष्टमीच्या रात्री तिच्या उजव्या तळहातावर तांबडा त्रिशूळ उमटतो आणि तिच्यात देवीची शक्ती येते. नायक नाशिकचा, जुन्या मूर्तींच्या जतनाचं काम करणारा. त्याने हात धरला की खूण तापते, त्यातूनच दोघं एकमेकांकडे ओढली जातात. पुढे देवी हक्क सांगते, "तू माझी आहेस, त्याची होऊ शकत नाहीस." हा मुख्य पेच.
ज्यांनी वाचलं त्या सगळ्यांचं म्हणणं एकच : प्रेम पटतं, खूण पटत नाही. या प्रकारच्या कादंबऱ्या भरपूर वाचणाऱ्यांनी सांगा, नेमकं कुठे चुकतंय? गड खरा ठेवू की काल्पनिक, हेही सांगा.

तांबट_लेन
खूण फार रेखीव आहे म्हणून पटत नाही. तळहातावरचा त्रिशूळ हे कॅलेंडरवरचं चित्र झालं. "देवीची खूण" म्हटल्यावर मराठी वाचकाला काय आठवतं ते आधी बघा.
आधी आठवतात देवीचे वण. आपल्याकडे रोगाचंच नाव देवी. देशातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८० मध्ये रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं, तरी "देवी आल्या", "देवी टोचल्या" हे बोलणं अजून घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ज्या चेहऱ्यावर वण, त्या माणसावर कोप झाला आणि तरी ते जगलं, असे दोन्ही अर्थ त्या एका खुणेत आहेत. तुमच्या त्रिशुळात एकच अर्थ आहे, निवड झाल्याचा. तिथेच ती पोकळ होते.
मग आठवते जट. केसांत गुंता वाढून जट झाली की ते देवीचं बोलावणं मानायचं, ती कापायची नाही, आणि पुढे मुलीला देवीला सोडायचं. खाली काय होतं? केस धुता येत नाहीत, उवा होतात, टाळूला जखमा होतात, मान ओढली जाते. मुंबई प्रांतात देवदासींसाठी १९३४ मध्ये कायदा झाला, महाराष्ट्राचा प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ चा. त्यामुळे तुमची देवी "तू माझी आहेस" म्हणते तेव्हा इंग्रजी फँटसी वाचणाऱ्याला रोमांच होत असेल, पण आपल्याकडच्या वाचकाला सोडलेली मुलगी दिसते. हे टाळून पुढे जाऊ नका. "हिला देवीला सोडा" म्हणणारं एक तरी माणूस गावात हवं, आणि त्याला ठाम नकार देणारी आई किंवा आजी हवी. नकार नायिकेच्या तोंडून आला तर आणखी चांगलं.
खूण सुरुवातीला ओळखूच येऊ नये. भांगाच्या कडेला लाल चट्टा. आजी म्हणते आई आली, दवाखान्यात मलम देतात, भगत तिसरंच सांगतो. दहाव्या प्रकरणापर्यंत वाचकाने तिघांवरही थोडा थोडा विश्वास ठेवला पाहिजे.

पाठ_चालू_आहे
ताई, "देवी विरुद्ध प्रेम" हा पेच आपल्या देवीच्या कथेत बसत नाही. दुर्गासप्तशतीचा पाचवा अध्याय पुन्हा काढा. शुंभ असुराचा दूत देवीकडे लग्नाचं बोलणं घेऊन येतो. देवी रागावून लग्नालाच नकार देत नाही. ती अट घालते : जो मला युद्धात जिंकेल, माझा दर्प उतरवेल, जो बळाने माझ्या तोडीचा असेल, तोच माझा नवरा. म्हणजे नवरा कसा असावा हे स्वतः ठरवणारी ही देवी आहे. तिने आपल्या लेकीच्या प्रेमावर मत्सराने कुलूप घालावं हे त्या स्वभावाला धरून नाही. लेकीनेही अट घालावी असं ती म्हणेल. ती अट कोणती, आणि नायक ती तलवारीशिवाय कशी पुरी करतो, यात तुमची निम्मी कादंबरी आहे.
शक्तीबद्दलही तिथेच उत्तर आहे. दुसऱ्या अध्यायात एकेक देव आपलं शस्त्र देवीला देतो : शंकर त्रिशूळ, विष्णू चक्र, वरुण शंख, अग्नी शक्ती (म्हणजे भाल्यासारखं शस्त्र), वायू धनुष्य आणि बाणांचे भाते, इंद्र वज्र आणि घंटा, काळ खड्ग आणि ढाल. सगळं दिलेलं आहे. दिलेल्या शक्तीला देणारा असतो, कारण असतं, आणि काम झालं की ती परत जाऊ शकते. तुमच्या नायिकेची शक्ती मात्र प्रत्येक प्रकरणात वाढत चालली आहे आणि तिचं तिला काहीच द्यावं लागत नाही. या प्रकारच्या कादंबऱ्या बहुतेक वेळा याच जागी ढिल्या पडतात. देवीचे अठरा हात म्हणून नायिकेला अठरा शक्ती देऊ नका. वाचकाच्या लक्षात तीन राहतात, फार तर चार. आणि प्रत्येकीची किंमत शरीरात दाखवा : घंटा वापरली की दिवसभर एका कानाने ऐकू येत नाही, एवढं ठोस.
भाषेचंही बघा. नायिका देवीला "आपण" म्हणते ते कानाला टोचतं. आईला "तू"च.

कादवाकाठ
वरच्या दोघांशी सहमत. पण माझ्या मते मूळ दोष हा की खुणेला कारणच नाही. अष्टमीच आहे म्हणून उमटली. आणि गंमत म्हणजे कारण तुमच्या हातातच आहे, नायकाच्या धंद्यात.
जुन्या मूर्तीवर तेलात कालवलेल्या शेंदराचे लेप वर्षानुवर्षं चढत जातात. आत हवा-ओल कोंडते, कवच सुटायला लागतं, मूळ कोरीव काम दिसेनासं होतं. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा असा थर २०२२ मध्ये काढला, तेव्हा मंदिर दर्शनासाठी काही आठवडे बंद होतं आणि नंतर मूळ रूप समोर आलं. अशा कामाआधी कलाकर्षण करतात. मूर्तीतलं देवत्व मंत्राने कलशात घेतात, काम चालू असेपर्यंत पूजा कलशाची होते, आणि शेवटी विधिपूर्वक पुन्हा मूर्तीत प्रतिष्ठा. आता कल्पना करा, त्या मधल्या आठवड्यांत ते तेज कलशात पूर्ण उतरलंच नाही. एक अंश पाणी भरून आणणाऱ्या मुलीत गेला. खुणेला कारण मिळालं, शेवटची तारीख मिळाली आणि नायकाला दोष मिळाला. त्याच्या कामामुळे हे झालं, आणि तो जितकं नीट काम करेल तितक्या लवकर तिची शक्ती जाणार. हाताला हात लागून खूण तापण्यापेक्षा हा ताण कितीतरी खरा आहे.
नायक रात्रीत छन्नी-हातोड्याने शेंदूर उडवतो ते प्रकरण मात्र काढाच. आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि मोजमाप, मग कोपऱ्यात बोटभर जागेवर चाचणी, मग बारीक हत्याराने थर थर सोडवत जाणं. दगड मऊ असेल तर शेंदराबरोबर त्याची कपचीही निघते, म्हणून घाई चालत नाही. आणि विश्वस्त, पुजारी, पुरातत्त्वाची माणसं यांच्या परवानगीशिवाय तो मूर्तीला बोटही लावू शकत नाही. ही सगळी माणसं कादंबरीत आली की पेच आपोआप घट्ट होतो.
आता गड. नाव काल्पनिक ठेवा, जमीन खरी ठेवा. खरं नाव घेतलं की प्रत्येक विधीचा मान कुणाचा, हे अचूक लागतं. सप्तशृंगीच्या शिखरावर ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा आहे. तो तुमच्या नायकाला देऊन टाकलात तर वाचक पुस्तक मिटतील.
मसुद्यात आणखी दोन चुका आहेत. नायिका गडावरून अंधार पडल्यावर पायी निघते आणि उजाडता नाशिकला रामकुंडावर पोचते. अंतर साधारण ६० किलोमीटर. ताशी ४ किलोमीटरने न थांबता १५ तास लागतील. रात्रीचा मुक्काम दिंडोरीच्या आसपास द्या, तिथे दोघांना बोलायलाही वेळ मिळेल. दुसरी चूक : अष्टमीला दिंडोरीच्या मळ्यात पिकलेले द्राक्षघड. गोड्या बहाराची छाटणीच सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि घड तयार व्हायला पुढे चार महिने लागतात. बागलाणात लवकर छाटतात, पण तुमचा मळा दिंडोरीचा आहे. नवरात्रात तिथे कोवळी फूट, फवारणीचा वास आणि पाऊस पडेल का म्हणून आभाळाकडे लागलेले डोळे दाखवा.

पाने_उलटणारी
एका गोष्टीत तांबट लेन यांच्याशी असहमत. खूण काय आहे हे उशिरा कळू दे, पण ती दिसायला पहिल्याच प्रकरणात हवी. रोमँटिक फँटसी उचलणारा वाचक दोन वचनांवर पुस्तक घेतो : जादू आणि जोडी. ९०,००० शब्दांत खूण पहिल्या ४,००० मध्ये, दोघांची पहिली भेट १०,००० च्या आत. तुमची भेट २२,००० वर आहे, तोवर निम्मे वाचक गळतात.
खुणेमुळे प्रेम होतं, हे तर नकोच. मग ते प्रेम कुणाचं, तिचं की खुणेचं? वाचकाला शंका राहते आणि शेवटपर्यंत जात नाही. खूण थंड असताना, किंवा तिच्या आड येत असताना, तिला तो आवडायला हवा. त्याने कपची निघू नये म्हणून श्वास रोखून धरलेला तिने पाहिला, एवढं पुरतं. तापणारा हात काढून टाका.

गोदाकाठची
कलाकर्षणाची कल्पना घेते आहे. त्रिशूळ आणि तापणारा हात दोन्ही गेले, भेट ८,००० शब्दांवर आणते. अडचण शेवटाची. प्रतिष्ठेच्या दिवशी शक्ती परत गेली तर वाचकाला नायिका हरल्यासारखी वाटेल का?

पाठ_चालू_आहे
विधीने काढून घेतली तर वाटेल, तिने दिली तर नाही. म्हणून प्रतिष्ठेच्या आधी तिला पळून जायची खरी संधी द्या : वाट मोकळी, नायक सोबत यायला तयार, शक्ती पूर्ण भरात. ती थांबते आणि कलश स्वतः उचलते. तिची अटही इथेच वापरा. प्रतिष्ठा लांबवून शक्ती तिच्याकडे ठेवणं नायकाच्या हातात आहे, तिने एकदा तसं मागितलंही आहे, आणि तरी तो काम खोटं करत नाही. तिच्या तोडीचा तो तिथे ठरतो.

तांबट_लेन
आणि भांगाकडेचा चट्टा जाऊ देऊ नका. शक्ती जाते, वण राहतो. मूर्तीचा शेंदूर उतरल्यावर पहिल्यांदा दिसणाऱ्या चेहऱ्यावर, त्याच जागी, कोरणाऱ्याच्या हातून राहिलेली एक लहानशी चीर नायकाला आधीच दिसलेली असू दे. त्याने ती भरलेली नसते.