शब्दचर्चा: ‘बेस’ला खर्ज म्हणावे का?

घरच्या म्युझिक सिस्टिमविषयी लिहिताना ‘बेस’ऐवजी ‘खर्ज’ वापरावा, ही सूचना कानाला गोड लागली तरी मला पटलेली नाही. ‘खर्जातला आवाज’ असे आपण सैलपणे म्हणतो हे खरे. पण ‘खर्ज’ हे ‘षड्ज’चेच रूप असून तानपुऱ्याच्या चौथ्या, जाड तारेचा तो नेमका स्वर आहे, आणि काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यावर तो सुमारे ६९ हर्ट्झला (सेकंदाला ६९ कंपनांना) लागतो. बेस हा एक स्वर नव्हे, तो खालच्या, जाड स्वरांचा सगळा पट्टा. ‘मंद्र’ (खालचे सप्तक) त्याच्या अधिक जवळ जातो, मात्र ‘मंद्र जरा कमी कर’ असे घरात कोणी म्हणणार नाही, तेव्हा बटणापुरता ‘बेस’च राहू द्यावा.

शब्दांची खरी गरज आहे ती चांगला आणि वाईट बेस वेगळा सांगण्यासाठी. तबलजी ज्याला डग्ग्याचा ‘घुमारा’ म्हणतात, तो वाद्याचा गुण आहे: ‘गे’ हा बोल वाजवून तळहाताचा दाब देत मनगट शाईकडे (पुडीवरच्या काळ्या गोलाकडे) सरकवले की नाद वर चढतो, आणि हा चढ जिच्यावर स्पष्ट ऐकू येतो ती सिस्टिम बरी, अशी माझी साधी कसोटी आहे. ‘घुमणे’ मात्र बहुतेक वेळा खोलीचे असते. माझ्या खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत १२ फुटांचे अंतर असल्याने सुमारे ४७ हर्ट्झचा नाद त्यांच्यामध्ये ठाण मांडतो. स्पीकर कोपऱ्यात होते तोवर डग्ग्याचे निरनिराळे बोल एकाच ‘धुम्म’मध्ये बुडत आणि शोकेसची काच थरथरे, ते दोन फूट पुढे ओढल्यावर बोल सुटे झाले. (दोष मात्र मी वर्षभर विक्रेत्याला देत होतो.) म्हणून अशा वेळी ‘बेस घुमतो’ न म्हणता ‘खोली घुमते’ म्हणावे.

चांगल्या बेसला ‘दणका’ म्हणणे हे निव्वळ आवाजाचे माप झाले, ते येथे नको. ‘संतुलित’ बरोबर असला तरी कोरडा आहे. मी ‘भरीव’ सुचवेन आणि त्याच्या उलट ‘किरटा’, कारण त्याच खोलीत बरोबर मध्यावर खुर्ची ठेवली की तो ४७ हर्ट्झचा नाद जवळजवळ नाहीसा होतो, आवाज किरटा वाटतो आणि बसणारा उगाच बेस वाढवत राहतो, तर मागे भिंतीला टेकून बसलेल्याला तोच असह्य होतो.